एवढी एक ओळ टाकून दे

वेबसाइटचं काम करणाऱ्या माणसाला वर्षभर सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "एवढी एक ओळ टाकून दे". मीही ते ऐकलं आणि ओळ टाकून दिली. त्या ओळीने काय केलं ते मला आठ महिन्यांनी कळलं. हा लेख त्या ओळीबद्दल आहे आणि ती टाकणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरांबद्दल आहे. बड्या कंपन्यांना आणि सरकारला जाब विचारणारे लेख पुष्कळ झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण ओळ टाइप करणारे हात आमचे असतात, आणि त्याबद्दल आम्ही चहाच्या टपरीवर आपसातसुद्धा बोलत नाही.

झालं असं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कोचिंग क्लासची वेबसाइट मी केली. नाव सांगत नाही, कारण त्यांच्यापेक्षा माझी चूक मोठी होती. दहावीचा निकाल लागला की वैजापूर, कन्नड, सिल्लोड, अंबडकडची पोरं आईबापांना घेऊन या शहरात येतात. सिडकोपासून उस्मानपुऱ्यापर्यंत क्लासेसच्या पायऱ्या चढतात, माहितीपत्रकं गोळा करतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात. ज्यांना यायला जमत नाही ते वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरतात. आमच्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव, पालकांचा मोबाइल, गाव, दहावीचे टक्के आणि शिष्यवृत्तीसाठी प्रवर्ग असे पाच रकाने होते. प्रवर्ग म्हणजे खुला, ओबीसी, एससी, एसटी, व्हीजेएनटी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस. आपल्या मराठवाड्यात हा रकाना किती नाजूक आहे हे वेगळं सांगायला नको.

साइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला. "अरे, जाहिरातवाला म्हणतोय ट्रॅकिंग पाहिजे. त्याने पाठवलंय काहीतरी. एवढी एक ओळ टाकून दे." जाहिरातवाल्याच्या यादीत चार सेवा होत्या: एक भेटी मोजणारी, दोन जाहिरात कंपन्यांच्या, आणि एक पाहुण्याचा माउस कुठे फिरला ते दाखवणारी. चौघांचे चार तुकडे चिकटवण्याऐवजी मी शहाणपणा केला. या सगळ्यांना एकत्र सांभाळणारी एक जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतली. काम दहा मिनिटांत झालं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी ही लायब्ररी काय करते ते सांगतो. २००५ साली गूगलने अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकटात सुरू झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकला जी लांबलचक शेपटी असते, तिच्यात यूटीएम अशी अक्षरं तुम्ही पाहिली असतील. ती अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूलची आद्याक्षरं आहेत. पुढे अशा सेवा वाढत गेल्या. प्रत्येकीचा तुकडा निराळा, प्रत्येकीची भाषा निराळी. एखादं बटण दाबलं गेलं ही साधी गोष्ट पाच कंपन्यांना कळवायची तर पाच प्रकारे लिहावी लागे. नवी कंपनी जोडायची म्हणजे प्रोग्रामरचे दोन दिवस.

हा त्रास २०१२ मध्ये संपला. ऑक्टोबरात गूगलचा टॅग मॅनेजर आला आणि वर्ष संपता संपता सेगमेंट नावाच्या नवख्या कंपनीने अ‍ॅनालिटिक्स डॉट जेएस ही लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. या कंपनीची सुरुवात वर्गातल्या विद्यार्थ्यांना काय समजलं नाही ते प्राध्यापकांना कळावं अशा एका साधनापासून झाली होती. ते साधन चाललं नाही, लायब्ररी मात्र तुफान चालली. २०२० मध्ये ट्विलिओने ही कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. कल्पना इतकी सोपी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. तुम्ही फक्त तीन हाका मारायच्या. पेज, म्हणजे पाहुणा या पानावर आला. ट्रॅक, म्हणजे त्याने अमुक केलं. आयडेंटिफाय, म्हणजे तो अमुक माणूस आहे. ही हाक किती कंपन्यांकडे पोहोचवायची ते एका यादीत लिहिलेलं असतं. यादीत नाव वाढलं की नवी कंपनी ऐकू लागते. त्यासाठी पुन्हा प्रोग्रामर लागत नाही.

माझं या लायब्ररीशी भांडण आहे ते नेमकं इथे.

ते दोन दिवस नुसते फुकट जाणारे दोन दिवस नव्हते. त्या दोन दिवसांत कोणीतरी विचारायचं की ही पाचवी कंपनी कशाला हवी आहे? तिला काय काय मिळणार? काम किचकट होतं म्हणून निर्णय घ्यावा लागत होता. लायब्ररीने किचकटपणा काढला आणि सोबत निर्णयही काढून टाकला. आता यादीत नाव घालणारा जाहिरातवाला म्हणतो, मला कोड कळत नाही. कोड लिहिणारा म्हणतो, यादी माझी नाही. आणि सर म्हणतात, मी तर एकच ओळ टाकायला सांगितली होती. तिघंही खरं बोलत असतात.

आठ महिन्यांनी, जानेवारीत, दुसऱ्या कामासाठी मी त्या क्लासच्या ऑफिसात बसलो होतो. काउंटरवर कन्नडकडचे एक गृहस्थ आले. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, तुमच्याकडं पोरीचा फॉर्म भरला तवापासून धा क्लासवाल्यांचे फोन येऊ लागले. पोरीचं नाव घेऊन बोलतात. आता तिची अ‍ॅडमिशन झाली तरी थांबंनात. ह्यांना नंबर दिला कोणी?" काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "काका, आम्ही कोणालाच देत नाही." त्यांना माहीत होतं तितपत ते खरंच होतं.

त्या रात्री मी आमचीच साइट उघडली, ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं, नेटवर्कचा रकाना समोर ठेवला आणि खोटी माहिती टाकून फॉर्म भरला. फॉर्म पाठवायच्या दोन पद्धती असतात. एकीत माहिती पाकिटाच्या आत जाते, दुसरीत ती पानाच्या पत्त्यातच लिहिली जाते. घाईत मी दुसरी ठेवली होती. त्यामुळे "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" या पानाच्या पत्त्यात नाव, मोबाइल, गाव, टक्के आणि प्रवर्ग सगळं उघडं होतं. आणि लायब्ररीची पेज ही हाक तर पानाचा पूर्ण पत्ता आपोआप सोबत घेऊन जाते. यादीतल्या चौघांकडे. आठ महिने.

चूक माझी होती आणि ती बावळटपणाची होती. पण लायब्ररी नसती तर त्या बावळटपणाचा परिणाम आमच्या सर्व्हरपुरता राहिला असता. लायब्ररीने तो चार ठिकाणी बिनबोभाट, नियमितपणे पोहोचवला.

फॉर्म दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. गेलेली माहिती परत आणायला कुठलंही बटण नव्हतं. सरांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण त्याचं कोणी काही केलं का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कन्नडच्या काकांना आलेले फोन आमच्या ओळीमुळे आले असं मी सिद्ध करू शकत नाही. मोबाइल नंबरांच्या याद्या विकणारे इतरही असतात. पण ते फोन आमच्यामुळे आले नाहीत, हेही मी छातीठोकपणे सांगू शकलो नाही. फॉर्म भरलेल्या एकाही घराला आम्ही काही कळवलं नाही. मी एकदा विषय काढला, सर म्हणाले "बघू", आणि मीही पुन्हा काढला नाही.

हे मित्रांना सांगितल्यावर जी उत्तरं मिळाली, ती एकेक करून घेतो.

पहिलं उत्तर: "अरे, नुसते आकडे असतात. कोणाचं नाव थोडंच असतं?" नाव कसं गेलं ते वर सांगितलंच. या सेवा पुरवणाऱ्या कंपन्या स्वतःही या भ्रमात नाहीत. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या अटींमध्येच माणूस ओळखता येईल अशी माहिती आमच्याकडे पाठवू नका असं लिहिलेलं आहे. म्हणजे ती जाऊ शकते हे त्यांना माहीत आहे, आणि गेली तर जबाबदारी तुमची. उलट जाहिरातीच्या काही ट्रॅकरांमध्ये फॉर्ममधला मोबाइल आणि ईमेल मुद्दाम उचलून, त्याचा हॅश करून, म्हणजे त्याचं न उलगडणाऱ्या अक्षरांत रूपांतर करून पाठवायची सोय असते. हे ऐकून आमचे लोक निर्धास्त होतात. भारतातला मोबाइल दहा आकडी असतो. दहा आकड्यांच्या सगळ्या शक्यतांचे हॅश साधा लॅपटॉपही काढू शकतो. कुलूप आहे, पण किल्ली दारालाच टांगलेली आहे.

दुसरं उत्तर: "गुलमंडीवरचा दुकानदारही गिऱ्हाईक ओळखतो की." ओळखतो. माझ्या आजीला कुठल्या रंगाचं लुगडं लागायचं ते तिथल्या एका दुकानदाराला पाठ होतं. पण तो आजीच्या मागे औषधाच्या दुकानात जात नव्हता. आणि गुलमंडी, निराला बाजार, पैठण गेट अशा प्रत्येक दुकानात एकच अनोळखी माणूस वही घेऊन उभा आहे, आणि दुकानदारांनीच त्याला खुर्ची दिली आहे, असं नव्हतं. ट्रॅकर म्हणजे तो वहीवाला माणूस.

तो कुठवर पोहोचतो? जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या द मार्कअप या वृत्तसंस्थेने न्यूजवीकच्या यादीतल्या १०० नामांकित हॉस्पिटलांच्या साइट तपासल्या. त्यातल्या ३३ साइटवर मेटाचा ट्रॅकर बसवलेला होता, आणि रुग्णाने अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की ती खबर फेसबुककडे जात होती. काही ठिकाणी डॉक्टरचं नाव आणि रुग्णाने निवडलेला आजारही. त्या हॉस्पिटलांनी रुग्णांची माहिती विकायचं ठरवलं होतं असं मला वाटत नाही. तिथेही कोणीतरी कोणाला तरी म्हणालं असणार, एवढी एक ओळ टाकून दे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर घरातलं बालभारतीचं पुस्तक काढा. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की केंद्र सरकारचं दीक्षा हे व्यासपीठ उघडतं. दीक्षा २०१७ मध्ये सुरू झालं आणि ते सनबर्ड या मुक्त प्रणालीवर उभं आहे. सनबर्डची स्वतःची टेलीमेट्रीची जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. पान दिसलं, बटण दाबलं, उत्तर दिलं, चूक झाली, अशा घटनांची ठरलेली नावं आहेत, आणि कुठल्या घटनेत काय नोंदलं जातं ते कोणालाही वाचता येतं. याला माझा विरोध नाही. कुठल्या धड्यावर मुलं अडकतात हे शिक्षण खात्याला कळायला हवं. नोंद कोणती, कशासाठी, हे उघड लिहिलेलं असलं तर त्यावर निदान वाद तरी घालता येतो.

पण मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने ४९ देशांतली ऑनलाइन शिक्षणाची साधनं तपासून अहवाल काढला. बहुतेक, म्हणजे ८९ टक्के साधनांमध्ये मुलांच्या हक्कांना बाधक ठरतील अशा गोष्टी त्यांना आढळल्या. त्यात दीक्षाचं नाव होतं. अहवालाच्या नोंदीनुसार दीक्षाच्या अ‍ॅपमध्ये गूगलचे दोन तयार सॉफ्टवेअर-संच बसवलेले होते, आणि त्यांच्यामधून मुलांच्या फोनचा जाहिरातीसाठीचा ओळखक्रमांक गूगलकडे जात होता. मोजायची स्वतःची सोय असताना हे दोन संच तिथे कसे आले? ते बसवायला सोपे आहेत आणि सगळेच बसवतात, एवढ्यावर ही गोष्ट बहुधा संपत असावी. लॉकडाउनमध्ये शाळा बंद असताना ज्या पोराला दुसरा पर्यायच नव्हता, त्याची परवानगी कोणी विचारली?

तिसरं उत्तर: "बॅनर लावलाय ना." बॅनर म्हणजे "आम्ही कुकीज वापरतो" ही पट्टी. आमच्या साइटवरही होती, मीच लावली होती. बघितलं तर पान उघडताक्षणी चारही कंपन्यांना खबर जाऊन चुकलेली असायची. पाहुणा "मान्य" म्हणो, "अमान्य" म्हणो किंवा पट्टीकडे बघोच ना, काही फरक पडत नव्हता. पट्टी फक्त दिसायला होती, आणि तीसुद्धा इंग्रजीत. फॉर्म मराठीत, फी मराठीत, यशवंतांचे फोटो मराठीत, परवानगी तेवढी इंग्रजीत.

कायदा आता याला पुरेसा मानणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत मिळाली. परवानगी मोकळेपणाने, समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. माहितीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. आणि कलम ९ सांगतं की मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना रोखून जाहिरात करायची नाही. या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे. शैक्षणिक संस्थांना सवलत आहे, पण ती शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती. मुलांबाबतचं बंधन मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. कोचिंग क्लासच्या साइटवर येणारी पोरं १५-१६ वर्षांची असतात. हे मला ती ओळ टाकतानाही माहीत होतं. कायदा नंतर लागू होणार म्हणून त्यांचं वय बदलत नाही.

चौथं उत्तर सगळ्यात वजनदार आहे, आणि ते सरांनीच दिलं. "मी जाहिरातीवर पैसे घालतो. कुठली जाहिरात चालली ते मला कळू नये का?" कळायला हवं. लहान धंदेवाल्याला आंधळेपणाने पैसे उधळायला सांगणं हा शहाणपणा नाही. पण मग मी विचारलं, "सर, गेल्या आठ महिन्यांत तो डॅशबोर्ड तुम्ही कितीदा उघडला?" त्यांनी दोनदा उघडला होता. जालना रोडचं होर्डिंग चालू ठेवायचं आणि वर्तमानपत्रातली पत्रकं बंद करायची हा निर्णय त्यांनी कशावरून घेतला? काउंटरवरच्या ताईंच्या रजिस्टरवरून. त्यात एक रकाना होता, "माहिती कुठून मिळाली?" आलेल्या प्रत्येक पालकाला ताई तोंडाने विचारायच्या आणि लिहायच्या. मैत्रिणीकडून, होर्डिंग, इन्स्टा, गावातले सर. पालकांना ठाऊक होतं की आपल्याला विचारलं जातंय, आणि सांगायचं नसेल तर ते सांगत नसत. क्लासचं सगळं मोजमाप त्या रजिस्टरात होतं, आणि ते रजिस्टर रात्री कपाटात जात होतं.

संगणकावरही हे जमतं. प्रत्येक जाहिरातीला वेगळं पान द्या आणि त्या पानाच्या भेटी आपल्याच सर्व्हरच्या नोंदीतून मोजा. त्याहून जास्त हवं असेल तर मॅटोमोसारखं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवा. आयपी पत्ता अर्धवट पुसा, कुकी ठेवू नका. कोण आला हे कळणार नाही, किती आले आणि कुठून आले ते कळेल. सरांचा प्रश्न तेवढाच होता.

म्हणून सोबतच्या इंजिनिअरांना माझं मागणं फार मोठं नाही. लायब्ररी वापरायचीच असेल तर यादीतल्या प्रत्येक कंपनीपुढे तिला काय पाठवतो आणि का, हे एका वाक्यात लिहा आणि त्याखाली ज्याने मागितलं त्याचं नाव लिहा. वाक्य लिहिता आलं नाही तर कंपनी काढा. पाहुण्याने हो म्हणेपर्यंत लायब्ररी लोडच करू नका, आणि तो प्रश्न त्याला कळेल अशा मराठीत विचारा. फॉर्म असलेल्या आणि फॉर्मनंतरच्या पानांवर ती ठेवूच नका. आणि साइट सोपवण्याआधी एकदा एफ१२ दाबून आपल्याच हाताने फॉर्म भरून बघा. सिव्हिलचा इंजिनिअर स्लॅबवर पाणी सोडून गळती बघतो. आपल्याला पाचव्या मिनिटाला दिसेल अशी गळती बघायची सवय नाही, कारण तिचा ओला डाग आपल्या छतावर पडत नाही.

याची किंमत आहे, हेही सांगून टाकतो. त्यानंतर आलेल्या एका कामात पुन्हा तेच वाक्य ऐकलं. मी तीन प्रश्न लिहून पाठवले: माहिती कोणाला जाणार, कशासाठी, आणि मुलांच्या पालकांना हे कुठे सांगणार? दोन दिवस उत्तर आलं नाही. मग कळलं की काम दुसऱ्याला दिलं. त्याने ओळ टाकली, बहुधा दहा मिनिटांत. त्याच्यावर माझा राग नाही. दोन वर्षांपूर्वी मीही टाकलीच होती. पण मी एकट्याने नाही म्हणून काही थांबत नाही, फक्त माझं एक काम जातं. या शहरात वेबसाइटचं काम करणारे आपण एकमेकांना नावानिशी ओळखतो. दहाजणांनी तेच तीन प्रश्न विचारले तर अकराव्यालाही विचारावे लागतील.

आणि तुम्ही इंजिनिअर नसाल, पण घरात दहावी-बारावीचं मूल असेल, तर फॉर्म भरण्याआधी त्या क्लासला फोन करून एवढंच विचारा: हा फॉर्म तुमच्याशिवाय आणखी कोणाकडे जातो? समोरच्या ताई म्हणतील, "कोणाकडेच नाही." त्यांना सांगा, वेबसाइट ज्याने केली त्याला विचारून सांगा. तो फोन कधीतरी माझ्यासारख्या कोणाला तरी येईल, आणि त्याला एफ१२ दाबून बघावं लागेल.